काळजी करा, पण आदल्या दिवशी

मा. संपादक,
स. न.

अरबी समुद्रातल्या वादळाला नाव मिळालं की मुंबई-पुण्याहून कोकणातल्या मित्रांना फोन सुरू होतात. काळजी खरी असते, पण तिचा पत्ता आणि वेळ दोन्ही चुकतात.

आधी पत्ता. ‘अलिबागजवळ धडकणार’ एवढं वाचून दापोलीच्या मित्राबद्दल लोक निर्धास्त होतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, पण दैना उडाली ती मुरूड, श्रीवर्धनपासून खाली मंडणगड, दापोलीपर्यंत. आपल्याकडे वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ते ईशान्येकडे निघालं की उजव्या, म्हणजे दक्षिणेकडच्या अंगाला वाऱ्यात वादळाची स्वतःची चालही मिळते, आणि समुद्रही तिथेच आत ढकलला जातो.

आता वेळ. वीज आहे तोवर, आदल्या दिवशी फोन करा. ‘काळजी घ्या’ म्हणण्यापेक्षा छपराचं विचारा. वारा वळचणीखालून शिरतो, म्हणून कडेचे पत्रे आधी उचलले जातात. एक पत्रा गेला की घरात वारा भरतो आणि बाकीचे आतून ढकलले जातात. नट घट्ट असला म्हणून भागत नाही. वायसर कुजून भोक गंजानं मोठं झालं असेल, तर हूक जागेवर राहतो आणि पत्रा निसटतो. विहिरीवर पोहरा-दोर आहे का, हेही विचारा. पंप विजेवर चालतो, आणि ‘निसर्ग’नंतर कित्येक गावं काही आठवडे अंधारात होती. आणखी एक बजावून ठेवा: वारा एकाएकी पडला, आभाळ उघडलं, तरी पत्रे गोळा करायला बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो.

वारा सुटल्यावर मात्र फोन नको. वीज गेली की मोबाइलचे टॉवर बॅटरी आणि डिझेलवर काही तासच तग धरतात. एसएमएस करा, रेंज आली की तो पोचतो, आणि उत्तराला ‘ठीक’ एवढा शब्द पुरतो. रेंज शोधत राहिलेला फोन लवकर संपतो, म्हणून तो फ्लाइट मोडवर ठेवून ठरलेल्या वेळीच पाच मिनिटं उघडायचा, हे आधी बोलून घ्या. चौकशी मित्रांपैकी एकानेच करावी आणि इतरांना कळवावं.

नंतर पाठवायचं तर ताडपत्री, नायलॉनची दोरी, हूक, वायसर आणि टॉर्चचे सेल. जुने कपडे नकोत. भिजलेल्या घरात ते ठेवायलाही कोरडी जागा नसते.

आपल्याला विनंती एकच. वादळाच्या नकाशाशेजारी उजव्या अंगाला येणारे तालुके आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ छापावी. भरती आणि वादळ एकाच वेळी आलं, तर खाडीकाठच्या माणसांना संध्याकाळची वाट न पाहता सकाळीच घर सोडावं लागतं.

– एक वाचक, दापोली