काका, या कादंबरीतला थाना तुमचा आहे

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय, चहा घे" म्हणून विषय बदलता, काकू हसतात आणि मनातलं मनातच राहतं. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. नाव लिहायचं नाही ही तुमची अट मी पाळते. पण वाचणारा इंदूरचा असो की पुण्याचा, त्याला एवढं कळायला हवं, की माझ्या कादंबरीतला थाना, तिथला टीआय, म्हणजे थान्याचा प्रमुख अधिकारी, आणि मुलाच्या शोधाची ती पहिली रात्र, हे सगळं लोकमान्य नगरातल्या एका व्हरांड्यात, एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकून उभं राहिलं आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याजवळ फक्त गोष्टीचा सांगाडा होता. मध्य प्रदेशातल्या निमाडातलं, नर्मदाकाठचं एक काल्पनिक गाव. कापूस आणि मिरचीची मंडी. जिनिंग कारखान्यातल्या मुनीमजींचा सात वर्षांचा मुलगा संध्याकाळी शिकवणीहून घरी येत नाही. तपास ज्याच्याकडे आहे तो टीआय इंदूरचा मराठी माणूस, बदली होऊन तिथे गेलेला. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "कथा कोणत्या साली घडते?"

मला वाटलं, मोबाइल होते की नव्हते यासाठी विचारताय. तुम्हाला तारीख हवी होती. १ जुलै २०२४ च्या आधी घडली तर अपहरणाला भारतीय दंड संहितेचं कलम ३६३ लागणार, नंतर घडली तर भारतीय न्याय संहितेचं १३७. खंडणीचा फोन आला तर आधी ३६४-ए, आता १४० चं दुसरं उपकलम. मग तुम्ही म्हणालात, २०२४ च्या दिवाळीनंतरची ठेव, म्हणजे जुना हेड कॉन्स्टेबल सवयीने "तीनशे त्रेसष्ट" म्हणेल आणि कॉम्प्युटरवर बसलेला तरुण पोरगा मान वर न करता "एकशे सदतीस" टाइप करेल. काका, ते दोन संवाद मी जसेच्या तसे घेतले. ज्या ज्या मित्रमंडळींनी हस्तलिखित वाचलं, त्यांनी त्या पानावर थांबून विचारलं, तू थान्यात काम केलंस का गं?

मग दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. मी विचारलं होतं, "चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत ना? मग ती रात्र घरच्यांची कशी जात असेल?" तुमचा आवाज एकदम चढला. माझ्यावर नव्हे, त्या समजुतीवर. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अल्पवयीन मूल हरवल्याची खबर आली की अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून लगेच गुन्हा नोंदवायचा. नुसती 'गुम इंसान' म्हणून रोजनामच्यात नोंद करून घरच्यांना परत पाठवायचं नाही. कुठल्याही थान्यात जा, हद्द कुणाचीही असो, शून्यावर एफआयआर घ्यावीच लागते. तुम्ही म्हणालात, "चोवीस तास थांबा हे लोक सिनेमात बघतात आणि खरोखर थांबतात. मूल हरवल्यावरचे पहिले काही तास म्हणजे सगळं. तुझ्या टीआयच्या तोंडी ते वाक्य घालू नकोस. एखादी आई तुझं पुस्तक वाचलेली असली तर?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. रहस्यकथा लिहिताना वाचकाला कुठे अडवायचं, कुठे फसवायचं, याचाच विचार मी करत आले होते. वाचकाला त्यातून एखादी चुकीची गोष्ट खरी वाटली आणि तो तसा वागला तर काय, हा प्रश्न मला तुम्ही दिला. आता माझ्या कादंबरीत मुलाची आजी दिवेलागणीलाच ११२ लावते. शेजारची शिक्षिका १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करते. टीआय जेवण टाकून उठतो. आणि तरीही उत्कंठा कमी होत नाही, उलट वाढते. कारण सगळ्यांनी सगळं वेळेवर केलं आहे आणि मूल तरीही मिळत नाही.

शोध घरापासून सुरू करायचा, हेही तुमचंच. कोठीची खोली, गच्चीवरची पाण्याची टाकी, कपाटं, दिवाण, परसातली विहीर, मग शेजाऱ्यांची घरं. आई-बापांना त्याचा राग येतो, "आमच्या पोराला कोणी तरी नेलंय आणि तुम्ही आमच्याच पेट्या उघडताय?" तरी उघडायच्या, आणि उघडताना त्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही. मग विचारायचं ते "कुणावर संशय आहे?" असं नाही. विचारायचं, "त्याला शेवटचं कुणी पाहिलं, आणि तेव्हा त्याच्या पायात काय होतं?" कपड्यांचा रंग सगळ्यांना आठवतो, चपलेचा कुणालाच नाही, असं तुम्ही म्हणालात. माझं तिसरं प्रकरण त्या चपलेवर उभं आहे.

मोबाइलच्या लोकेशनचं तर मी किती वेळा विचारलं असेल! शहरात टॉवर जवळजवळ असतात. निमाडाच्या शेतांत एकेक टॉवर कित्येक गावांना पुरतो, त्यामुळे खंडणीच्या फोनचं लोकेशन म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे, मैलोन्मैल पसरलेला कापूस आणि त्यातल्या झोपड्या. तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेवर पेनने तो घेर काढून दाखवलात आणि विचारलंत, "आता सांग, तुझ्याकडे सहा शिपाई आणि दोन गाड्या आहेत. कुठून सुरुवात करशील?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्या टीआयलाही ते दोन प्रकरणं देता येत नाही, आणि तीच या पुस्तकातली माझी सर्वांत आवडती पानं आहेत.

मग अफवेचं प्रकरण. ते माझ्या आराखड्यात कुठेच नव्हतं. तुम्ही म्हणालात, मूल हरवलेल्या गावात टीआयला दुसऱ्या दिवसापासून दोन आघाड्यांवर लढावं लागतं. एक मूल शोधायचं आणि दुसरं, गावात आलेल्या परक्या माणसाला जिवंत ठेवायचं. तुम्ही राईनपाड्याचं नाव घेतलंत. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तुम्ही सांगत होता आणि काकूंनी आतून येऊन रेडिओ बंद केला. त्यावरून माझ्या कादंबरीत तो बहुरूपी आला. तो गावात शिरतो त्या क्षणापासून वाचकाला मुलापेक्षा त्याचीच धास्ती वाटू लागते. हस्तलिखित परत देताना तुम्ही त्याच्या पानावर खूण करून फक्त "बरोबर" एवढंच लिहिलंत. त्याहून मोठी दाद मला नको.

तुमच्या स्वतःच्या तपासांबद्दल तुम्ही कधी नावानिशी बोलला नाहीत. मीही खोदलं नाही. पीडित मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, हे सांगून तुम्ही तो दरवाजा आधीच लावून घेतला होता. एकदाच बोललात, तेही न विचारता. एक मूल मिळालं नाही. चार महिने उलटले की तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो, कागद जातात, पण माणसं थान्यातच येत राहतात. "इतर फाइलींना खात्मा लावता येतो, म्हणजे तपास बंद करता येतो," तुम्ही म्हणालात, "तिला लावायला माझा हात धजला नाही. बदली झाली तेव्हा पुढच्या टीआयला चार्ज देताना सगळ्यात आधी तीच दाखवली." यापुढे तुम्ही काही सांगितलं नाहीत. मी ते पुस्तकात घातलेलं नाही, काका. ते तुमचं आहे. इथे लिहिण्याची परवानगी तुम्ही दिलीत म्हणून एवढंच लिहिलं.

आणि काकू. या पत्रात त्यांचा वाटा वेगळा मांडायलाच हवा. पोलीस लाइनीतल्या क्वार्टरात आयुष्य काढलेल्या बाईचं मला कुणी कधी ऐकवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अशी केस असली की हे रात्री कितीही वाजता येवोत, बूट न काढता आधी मुलांच्या अंथरुणाशी जायचे. पांघरूण वर करून बघायचे. मग जेवायचे." माझ्या टीआयला मी आधी एकटाच ठेवला होता. त्या वाक्यानंतर त्याला बायको आणि दोन मुली मिळाल्या, आणि पुस्तकाचं वजनच बदललं.

शेवटाबद्दल आपलं जरा वाजलं होतं. मूल सापडतं तिथे मला थांबायचं होतं. तुम्ही म्हणालात, तिथे पोलिसांची बातमी संपते, मुलाचं काही संपत नाही. वैद्यकीय तपासणी, बाल कल्याण समिती, जबाब, आणि तो घेताना समोर वर्दी दिसू नये म्हणून साध्या शर्टात जमिनीवर मांडी घालून बसलेला अधिकारी. पोराने आधी तासभर फक्त मांजराबद्दल बोलावं आणि तुम्ही तासभर मांजराबद्दलच ऐकावं. मी तुमचं ऐकलं. शेवटचं प्रकरण पूर्ण त्या खोलीत आहे. प्रकाशकांना ते लांब वाटलं. मी ते एका ओळीनेही कमी होऊ दिलं नाही.

रहस्यकथा लिहिणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या गावातल्या अशा एखाद्या निवृत्त माणसाकडे जाऊन बसा. आपल्या भाषेतल्या गुप्तहेराला काय काय करता येतं हे कल्पनेने रंगवायला सोपं आहे. त्याला काय करता येत नाही, कुणापुढे हात जोडावे लागतात, कुठल्या सहीसाठी खोळंबावं लागतं, हे अशी माणसंच सांगू शकतात, आणि उत्कंठा तिथे ठासून भरलेली आहे.

काका, अर्पणपत्रिकेत तुमचं नाव नाही. "ज्यांनी पेट्या उघडल्या, त्यांना" एवढंच आहे. पुस्तक छापखान्यात गेलं आहे. प्रकाशनाला तुम्ही आणि काकू पहिल्या रांगेत नको म्हणालात, तर मागच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवते, पण यायचं नक्की. कुणाला काही सांगणार नाही. कार्यक्रमानंतर एक प्रकरण वाचायचं आहे. कुठलं ते तुम्हीच ठरवा आणि रविवारच्या आत मला फोन करा.

आपली कृतज्ञ,
एक लेखिका, इंदूर