विमानतळावरील दंडाविरुद्ध दाद मागायची कुठे?

महोदय,

बेळगावच्या टॅक्सीवाल्यांना प्रवासी घेऊन घाट उतरून शेजारच्या राज्यातील विमानतळावर जाणे नित्याचेच आहे. प्रवासी सोडून परतीच्या भाड्यासाठी थांबलेल्या ‘केए २२’च्या गाडीकडे मात्र तेथे संशयानेच पाहिले जाते. अलीकडे आमच्या गाडीला ‘प्रवाशांना हटकून भाडे मागितले’ म्हणून दंड झाला. वास्तविक चालक वडगावच्या एका कुटुंबाला आणायला थांबला होता, भाडे आगाऊ ठरलेले होते आणि प्रवाशाच्या नावाचा पुठ्ठा त्याच्या हातात होता. बाहेर आलेल्या वयस्कर जोडप्याला त्याने “काका, तुम्ही बेळगावचेच न्हवं?” एवढे विचारले आणि तेवढ्यावर चलन झाले.

दारात प्रवाशांच्या बॅगा ओढणाऱ्यांना आवर घातलाच पाहिजे. रांगेत नंबर लावून थांबणाऱ्या तेथील चालकांच्या पोटावर पाय येऊ नये, हेही रास्त आहे. पण ठरलेले भाडे न्यायला आलेला कोण आणि गिऱ्हाईक शोधणारा कोण, हे कशावरून ठरवायचे? अखिल भारतीय पर्यटक वाहन परवान्याच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रवाशांची यादी, कोठून कोठे जाणार या तपशिलासह, गाडीत ठेवावी लागते. आमच्या चालकाने ती मोबाईलवर उघडून पुढे केली, तरी ती पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर वेगळी शिक्षा न सांगितलेल्या किरकोळ गुन्ह्यांसाठीच्या कलम १७७ खाली पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, तर परवान्याची अट मोडल्याबद्दलच्या कलम १९२-अ मध्ये १०,००० रुपयांसह कैदेचीही तरतूद आहे. इतका फरक असताना नेमकी कोणती अट मोडली, हे चलनावर स्पष्ट लिहिलेले असायला नको काय?

खरी अडचण पुढेच आहे. चलनाची प्रकरणे ऑनलाइन चालवणाऱ्या आभासी न्यायालयात दंड भरायला मोबाईलवर दोन मिनिटे पुरतात. दंड अमान्य केला, तर प्रकरण जेथे चलन झाले त्या हद्दीतील नियमित न्यायालयात जाते. मग तारखेला गाडी उभी, चालकाचा रोज बुडालेला आणि वर वकिलाची फी, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तोवर आरटीओत थकीत चलन दिसले की फिटनेसचे, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याच्या दाखल्याचे, काम अडते, आणि आठ वर्षांवरील टॅक्सीला फिटनेस दरवर्षी घ्यावा लागतो. त्यामुळे बहुतेक जण मुकाट्याने पैसे भरतात. पण असे भरणे म्हणजे गुन्ह्याची कबुलीच. पुढच्या वेळी तोच चालक दुसऱ्यांदा गुन्हा करणारा ठरतो, याचा विचार त्या घाईत कोणी करत नाही.

परगावच्या चालकाची लेखी हरकत आधी वरिष्ठ अधिकाऱ्याने ठराविक मुदतीत निकाली काढावी आणि तोवर फिटनेस अडवू नये. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर बेळगावच्या न्यायालयातून दूरदृश्य प्रणालीद्वारे जबाब देण्याची मुभा असावी. विमानतळाच्या दारावर कॅमेरे असतातच. चलन होताच त्या वेळेचे चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज चालकाला जागेवरच देता यावा आणि त्याची पोच त्याला मिळावी. येथील लोकप्रतिनिधींनी व टॅक्सी संघटनांनी हा विषय दोन्ही राज्यांच्या परिवहन खात्यांकडे लावून धरावा, ही विनंती.

– एक टॅक्सीमालक, शहापूर, बेळगाव