‘कोशात पाहा’ला मेनूत जागा हवी

महोदय,

गेली ३४ वर्षे मी नारायण पेठेत मुद्रितशोधन करते. आता मुद्रितं मोबाइलवरच येतात. परवा ‘कोट्यधीश’ की ‘कोट्याधीश’ अशी शंका आली. शब्दावर बोट दाबून धरलं की ‘कॉपी’, ‘शेअर’ हा मेनू येतो, पण कोश पाहायचा तर दुसरं ॲप उघडा, शब्द टाका, परत या. तोवर ओळ हरवलेली.

माझ्या भाच्याने त्याच्या छोट्या शब्दकोश-ॲपमध्ये काही ओळींची भर घातली आणि त्याच मेनूत ‘कोशात पाहा’ दिसू लागलं! अँड्रॉइडमध्ये ही सोय ६.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मात्र एका मराठी वाचन-ॲपमध्ये हा पर्याय उमटतच नाही. त्यांनी स्वतःचा मेनू बसवलाय, त्यात फक्त ‘हायलाइट’ आणि ‘शेअर’. अडखळलेल्या वाचकाने अर्थ कुठे शोधायचा? मराठी ॲप करणाऱ्यांना कळकळीची विनंती, बाहेरच्या कोशांना तुमच्या मेनूत येऊ द्या. शाळकरी मुलांच्या ॲपपासून सुरुवात करा.

– एक मुद्रितशोधक, नारायण पेठ, पुणे