मिस्त्री, ग्राइंडर जरा बंद करा

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही ग्राइंडर सुरू करता. हा अनुभव आम्हा सगळ्यांना आलेला आहे. म्हणून आता जाहीरच लिहितो. तुमची लेक मोबाइलवर वाचून दाखवेल, तेवढा वेळ मशीन बंद ठेवा.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आम्ही नौदलाच्या हवाई शाखेतून निवृत्त झालेले काही म्हातारे. कुणी इंजिनवाला, कुणी इलेक्ट्रिकलवाला, मी एअरफ्रेमचा, म्हणजे सांगाड्याचा आणि पत्र्याचा. कुलाब्याच्या ज्या तळाला २००९ पासून आयएनएस शिक्रा म्हणतात, तो आमच्या तोंडी अजून कुंजलीच आहे. आमची उमेदीची वर्षं गेली चेतक हेलिकॉप्टरांखाली आडवं पडून. मूळ फ्रेंच अलुएत-३, १९६० च्या दशकापासून बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बनवलेलं. आजारी खलाशाला जहाजावरून उचलून आणायचं, बुडणाऱ्याला वर ओढायचं, टपाल पोचवायचं, सगळं हेच करायचं. जुन्या विक्रांतवर, म्हणजे आमच्या विमानवाहू जहाजावर, विमानांची ये-जा चालू असली की बाजूला हवेत हे थांबून राहायचं, कुणी वैमानिक पाण्यात पडलाच तर उचलायला. कौतुक विमानांचं व्हायचं, पण आम्हाला कधी त्याचं वाईट वाटलं नाही.

तर असं एक चेतक, इंजिन काढलेलं, उड्डाणातून कायमचं बाद झालेलं, एका संस्थेच्या फाटकाशी वर्षानुवर्षं उभं होतं. संस्थेच्या माहितीपत्रकावर त्याचा फोटो असायचा. प्रत्यक्षात पुढच्या काचा पिवळ्या पडून तडकल्या होत्या, शेपटीच्या नळ्यांवर वेल चढला होता आणि आत कुत्री व्यायली होती. आम्ही म्हटलं, आम्हाला द्या, दुरुस्त करतो, ट्रेलरवर घालून शाळाशाळांत फिरवतो. तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, ‘सर, तुम्ही ग्रेट आहात’ हेही ऐकायला मिळालं. पावसाळ्यापर्यंत शेड देतो असा शब्दही मिळाला. मे संपत आला तसा तो शब्द विरघळला आणि फोन आला, की पार्किंगला जागा हवी आहे, लवकर हलवा.

त्यानंतर आम्ही गेलो एका मोठ्या वर्कशॉपमध्ये. बाहेर चकचकीत बोर्ड, आत एसी ऑफिस. त्यांनी गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी मारली, वर रंग फासला आणि बिल काढलं. मी एक पॅनेल उघडून बघितलं तर आत चिंध्या, तुटलेलं ड्रिल बिट आणि गुटख्याची पुडी. फोरमनला विचारलं तर तो हसला. म्हणाला, ‘काका, उडवायचंय का हे?’

तिथून मग तुमचा दारूखाना, मुंबईतली जुनी जहाजं तोडायची जागा. मिस्त्री, खरं सांगतो, तिकडे यायला माझे पाय तयार नव्हते. २०१४ मध्ये आमची विक्रांत तिथेच आणून तोडली. १९६१ ते १९९७ नौदलात राबली, मग मुंबईतच तरंगतं संग्रहालय झाली, २०१२ मध्ये तेही बंद पडलं आणि शेवटी लिलाव. विशाखापट्टणमला जाऊन बघा, कुरसुरा पाणबुडी २००२ पासून समुद्रकाठी सांभाळली आहे, शिवाय टीयू-१४२ विमान आणून ठेवलं आहे. आणि एवढ्या श्रीमंत मुंबईला एक जहाज झेपलं नाही. नौदल गोदीच्या लायन गेटपाशी तिच्या धातूचं एक स्मारक आहे, बाकी थोडं पोलाद मोटारसायकलींच्या टाक्यांत गेलं. त्या वेळी लोक मला त्या गाडीचे फोटो अभिमानाने पाठवत होते. मी एकालाही उत्तर दिलं नाही.

म्हणजे दारूखान्यात जुनी वस्तू जाते ती तुकडे व्हायला, अशी माझी ठाम समजूत. तुम्ही चेतकभोवती एक चक्कर मारलीत, पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केलंत आणि म्हणालात, ‘हे पुट्टी मारणारे कोण होते? त्यांना उभं करा माझ्यापुढं.’ त्याच क्षणी आमच्या पेंशनीचं काय करायचं ते ठरलं.

कामाची यादी इथे देत नाही. कुजलेला पत्रा बदलला, नव्या काचा वाकवून घेतल्या, ट्रेलर बांधला, ११ मीटर व्यासाचा तीन पात्यांचा पंखा रस्त्यावरून न्यायचा तर पाती उतरवून ठेवायला घोडी केली. पैशांचं लिहिलं तर तुम्ही रागवाल, तेही सोडतो. मला लिहायचं आहे ते त्या संध्याकाळचं.

कामगार हातपाय धुऊन निघाले होते. तुम्ही रोजच्यासारखे नटबोल्टचे पाने मोजत होतात. दहा नंबरचा एक कमी भरला. आम्ही म्हटलं, राहू द्या, सापडेल उद्या. तुम्ही फळीवर पुन्हा मोजलेत. मग कुणाला न बोलता बॅटरी घेऊन चेतकच्या पोटाखाली सरकलात. मी वाकून म्हणालो, ‘मिस्त्री, नवा आणून देतो.’ आतून तुमचा आवाज आला, ‘नवा मिळंल हो बाजारात. पण हा गेला कुठं ते कळायला नको?’ आणि थोड्या वेळाने, ‘पोरं बसणार ना आत. कुठंही हात घालतील.’

तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, मिस्त्री? आमच्या हँगरमध्ये भिंतीला एक फळी असते. प्रत्येक हत्याराची आकृती तीवर रंगवलेली, काम संपलं की ज्याची त्याची जागा भरलेली दिसली पाहिजे. एक जागा जरी रिकामी असली तरी ते यंत्र उडत नाही, मग बाहेर ॲडमिरल का वाट बघत असेना. कारण विसरलेला पाना हवेत गेल्यावर कंट्रोलच्या दांड्यांमध्ये अडकला तर वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. आमच्या चीफने एका चिमट्यापायी अख्ख्या वॉचला, म्हणजे पाळीवरच्या सगळ्यांना, रात्री जेवायला सोडलं नव्हतं. आम्ही त्याला पोटभर शिव्या घातल्या होत्या. पण हे शिकायला आम्हाला प्रशिक्षण लागलं, शिक्षेची भीती लागली. तुमच्यावर कुठला चीफ होता? आणि हे यंत्र तर पुन्हा जमीन सोडणारही नव्हतं.

पाना मागच्या सीटखालच्या पत्र्याआड सापडला. तुम्ही तो फडक्याने पुसलात, जागेवर लावलात आणि दिवा मालवलात. नौदलात मान द्यायला वाजते ती शिट्टी तेवढी न वाजवता आम्ही सगळे सावधानमध्ये उभे होतो, ते अंधारात तुम्हाला दिसलं नसेल.

गेल्या आठवड्यात गोवंडीच्या एका शाळेत चौथीतल्या एका मुलीने त्याच सीटखाली कोपरापर्यंत हात घातला. काय आहे बघते म्हणाली. काहीच नव्हतं. बिचारी जरा हिरमुसलीच.

मुलांना मी एकाहत्तरच्या बांगलादेश युद्धाची गोष्ट सांगतो. ३ डिसेंबरच्या रात्री किलो फ्लाइट या मुक्तिसंग्रामातल्या हवाई तुकडीच्या बंगाली वैमानिकांनी याच जातीच्या एका हेलिकॉप्टरला रॉकेटं लावून नारायणगंजचे तेलाचे साठे पेटवले. खालून गोळ्या येतील म्हणून त्याच्या तळाला २५ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट वेल्ड केली होती. आता मी पुढे एवढं जोडतो, की ती प्लेट ज्याने वेल्ड केली त्याचं नाव मला माहीत नाही, पण तसा एक माणूस दारूखान्यात आहे. मुलं विचारतात, तो येणार का? मी म्हणतो, त्याला बोलावून बघा, ग्राइंडर सुरू करेल.

तुमच्यासारखी आणखी माणसं यात भेटली, तेही लिहून ठेवतो. क्रेनवाल्याने पट्ट्याखाली स्वतःची चादर घातली, रंग खरवडू नये म्हणून. फ्रीवेच्या खाली ट्रेलर अडला तेव्हा ट्रॅफिक हवालदाराने पावती पुस्तकाला हात न लावता आधी वाट करून दिली आणि मग हळूच विचारलं, ‘आत बसून एक फोटो काढू का?’ परळच्या एका मूर्तिकाराने बाजूचं चक्र हाताने रंगवलं, बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, कंपास न लावता. यातल्या कुणालाही शाल मिळालेली नाही. शाली ज्यांच्याकडे असतात त्यांना ही माणसं दिसत नाहीत असं माझं मत झालंय, आणि ते बदलायची मला घाई नाही.

आता कामाचं. दिवाळीनंतर ट्रेलर रत्नागिरीकडे न्यायचा विचार आहे. तुमच्या गावची शाळा वाटेत घेतोय आणि तुम्ही पुढे बसायचं आहे, ड्रायव्हरशेजारी, सबब ऐकणार नाही. फक्त गावात शिरताना देवळाजवळ जे वळण आहे ते किती रुंद आहे, तेवढं भावाला टेप लावून मोजायला सांगा. त्याने नजरेनं सांगितलेलं तुम्ही मानणार नाही, हे मला माहीत आहे.

आपला,
कुंजलीचा एक जुना एअरफ्रेमवाला
आणि बाकीची म्हातारी मंडळी