घोड्याच्या चालीला शब्द आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खुडूसच्या गोल रिंगणाच्या कालच्या बातमीत 'माउलींचा अश्व दुडक्या चालीने भरधाव सुटला' असे वाक्य आहे. ते वाचून फार वाईट वाटले. दुडकीत पुढचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा एक, असे दोन पाय जोडीने पडतात आणि टापांचे दोनच ठोके ऐकू येतात. भरधाव, म्हणजे चौखूर सुटलेल्या घोड्याच्या चारही टापा वेगवेगळ्या वाजतात. एक घोडा एकाच वेळी या दोन्ही चाली चालू शकत नाही.

माझे वडील सोलापूर स्टेशनवर टांगा चालवीत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका रात्री आमच्या गल्लीतल्या एका बाळंतिणीला, कळा सुरू झाल्यावर, टांग्यातून दवाखान्यात न्यायचे होते. तिच्या घरचे 'लवकर हाका' म्हणून विनवीत होते, पण वडिलांनी घोडी कदमावरच, म्हणजे संथ चालीवरच, ठेवली. लोखंडी धावेच्या चाकाखाली खडी वाजत होती, घोडी सवयीने दुडकीवर जायला बघे आणि ते प्रत्येक वेळी लगाम आखडून 'कदम, कदम' म्हणत, कारण दुडकीचा हिसका त्या बाईला सोसला नसता. घोडीला तो शब्द कळत होता आणि पुढे दांडीजवळ बसलेल्या मलाही तो त्या रात्री कळला.

संस्कृतात अमरकोशाने घोड्याच्या पाच गती नावानिशी सांगितल्या आहेत : आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत. ते शब्द आज कोणी वापरावेत असा माझा आग्रह नाही. परंतु कदम, दुडकी, स्वाराच्या पोटातले पाणी हलू न देणारी रहवाल, दौड, चौखूर हे शब्द अकलूजच्या घोडेबाजारात मोल ठरवणाऱ्या माणसांना लागतात, आणि भीमेच्या काठच्या, भीमथडी तट्टांच्या या मुलखातल्या वृत्तपत्राने त्यांची अशी सरमिसळ करावी, हे मला पटत नाही.

त्याच पानावरच्या छायाचित्राखाली 'तपकिरी घोडा' असे छापले आहे. आयाळ, शेपूट आणि पाय काळे असलेल्या त्या तांबूस घोड्याला कुमाईत म्हणतात, याचीही कृपया नोंद घ्यावी.

बाजीराव विहिरीचे रिंगण अजून व्हायचे आहे. त्या दिवशी आपल्या वार्ताहराने रिंगणाच्या कडेला उभे राहून टापा कानांनी ऐकाव्यात आणि मगच बातमी लिहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर