मानांकन मिळाले, बियाण्याचे काय?

महोदय,

जालन्याची दगडी ज्वारी आणि लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, बियाण्याचे नव्हे. सोयाबीनने खरीप व्यापल्यापासून मराठवाड्यातील अनेक घरांत भरदार कणसे निवडून, कडुनिंबाचा पाला घालून बी कणगीत राखण्याची रीत मोडत चालली आहे. कडब्याची टंचाई झाली ती वेगळीच. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत ४ लाखांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत, मात्र शीतगृहातले बी दुष्काळाशी, खोडमाशीशी किंवा बदलत्या पावसाशी जुळवून घेत नाही. ते शेतातच घडते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने सुधारित वाण जरूर द्यावेत (त्याच्या बदनापूर संशोधन केंद्राची तूर कोणाला ठाऊक नाही?), पण त्याच्या जोडीला गावरान वाण राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या रानातच चाचण्या घ्याव्यात आणि त्यांना जतनाचा मोबदला मिळावा. २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला बी राखण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडविना विकण्याचा अधिकार देतो. त्याखालील वाण नोंदणीसाठी कृषी विभागाने पेरणीपूर्वी तालुकावार शिबिरे भरवावीत.

– एक शेतकरी, जि. जालना