मंगळवारचं गाणं

शेफील्ड, १२ नोव्हेंबर

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, ‘बरी आहेस ना?’ आणि मी ‘हो’ म्हणते. उन्हाळ्यात ते खरं नव्हतं. बाबांचं ऑपरेशन झालेलं, तुला येता येत नव्हतं, उगाच तुझ्या जिवाला घोर नको म्हणून गप्प बसले. बाळ झोपलं तरी माझा डोळा लागायचा नाही. कारण नसताना रडू यायचं. फोनवर सांगायला गेले असते तर तुझा आवाज ऐकूनच धीर सुटला असता, म्हणून पत्र. काळजी करू नकोस, आता मी बरी आहे.

इथे बाळंतिणीची विचारपूस करायला सरकारी आरोग्यसेवेची नर्स घरी येते, हेल्थ व्हिजिटर म्हणतात तिला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. दवाखान्यात आणखी एक बाई असतात. एकट्या पडलेल्या माणसांना चार माणसांत नेऊन बसवायचं, हेच त्यांचं काम. त्यांनी मला गाण्याच्या एका गटाचा पत्ता दिला. मी म्हटलं, मला गाता येत नाही. शाळेत १५ ऑगस्टच्या गाण्याला मला मागच्या रांगेत उभं करून बाई म्हणाल्या होत्या, ‘तू नुसते ओठ हलव.’ चौथीत होते. तेव्हापासून मी घरच्या आरतीलासुद्धा टाळ्याच वाजवत आले, तुझ्या लक्षात आलं होतं का गं?

दर मंगळवारी साडेदहाला चर्चच्या हॉलमध्ये गट जमतो. दाराशी बिस्किटांचा जुना डबा, झाकणाला फट पाडलेली. जमेल त्याने तीन पौंड टाकायचे, नसेल जमत त्याने नाही. कोणी किती टाकले, टाकले की नाही, कळायची सोयच नाही. गाण्याच्या आधी मला तो डबाच आवडला. आवाजाची परीक्षा नाही, हातात कागद नाही. गोलात उभं राहायचं, शिकवणारी एक ओळ म्हणते, आपण तिच्या मागून म्हणायची. सूर चढला की तिचा हात वर जातो, उतरला की खाली येतो. तुमच्या मंडळात नवा अभंग बसवताना तू अशीच हात हलवतेस.

माझ्या शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर उभे राहतात. छातीचा जुना विकार, जिना चढताना दम लागतो. श्वास सावकाश सोडत ओळ शेवटपर्यंत न्यायची, त्याने त्यांना बरं वाटतं. पहिल्या दिवशी मी सवयीने ओठच हलवत होते. त्यांच्या ते लक्षात आलं. बोलले काही नाहीत, फक्त माझ्याकडे जरा वळले आणि थोडं मोठ्याने गायला लागले, चालायला शिकणाऱ्या पोराला बोट द्यावं तसं. तिसऱ्या ओळीला माझा आवाज फुटला. बाळ छातीशी बांधलेलं होतं. त्याने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिलं. जन्मल्यापासून त्याने माझं रडणं पुष्कळ ऐकलं होतं, गाणं त्या दिवशी पहिल्यांदा.

एक आजोबा आजींना घेऊन येतात. आजींना त्यांचं नाव आठवत नाही, पण तरुणपणीचं गाणं सुरू झालं की सगळी कडवी पाठ. अशा माणसांसाठी अल्झायमर्स सोसायटीचे ‘सिंगिंग फॉर द ब्रेन’ नावाचे वेगळे गटही इथे आहेत, २००३ पासून चालत आलेले.

मला इतका फरक कसा पडला म्हणून शोधून वाचलं. लंडनला १३४ नव्या आयांना घेऊन अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये तो छापून आला. काहीजणी दहा आठवडे बाळाला घेऊन गाण्याच्या गटात, काही खेळांच्या गटात, काहींना फक्त नेहमीचीच देखभाल. ज्यांचा त्रास जास्त होता, त्यांच्यातल्या गाणाऱ्या लवकर सावरल्या. म्हणून गोळ्या सोडायच्या असं नाही हं, माझ्या चालू आहेत.

आता एक मागणं. स्पर्धेची तयारी सुरू झाल्यापासून पलीकडच्या काकू मंडळात येईनाशा झाल्या, असं तूच म्हणाली होतीस. त्यांचा सूर लागत नाही, टाळ मागेपुढे पडतो, सगळं मान्य. पण काका गेल्यावर त्या घराबाहेर पडायच्या त्या तेवढ्यासाठीच. स्पर्धेला कोणाला न्यायचं ते तुम्ही ठरवा. आठवड्यातला एक दिवस मात्र बक्षिसाचा विचार न करता गा, आणि त्या दिवशी काकूंना स्वतः जाऊन घेऊन ये. निरोप पाठवलास तर त्या येणार नाहीत. मी आले नसते.

आमच्या शिकवणारीने मला घरचं काहीतरी शिकवायला सांगितलंय. मी विठ्ठलाचा गजर म्हटलं. तर तो सावकाश म्हणून रेकॉर्ड करून पाठव, टाळासकट. त्यात काकूंचाही आवाज असू दे.

बाबांना नमस्कार.

तुझी,
छकुली